आधी गावं, मग गवे

पोलंडला येणारा मराठी पाहुणा वॉर्सॉत उतरतो, क्राकूफ बघतो, व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत जाऊन येतो आणि दिवस उरले तर झाकोपानेच्या डोंगरात जातो. पूर्वेकडे वळणारे फार थोडे. वळलेच तर ब्यावोव्येझाला एका दिवसात जाऊन येतात. कुंपणाआडचे झुब्र, म्हणजे युरोपातले बायसन, त्यांच्यासमोर एक फोटो, आणि रात्री परत वॉर्सॉचं हॉटेल. मी ब्यावीस्तोकला राहते. ब्यावोव्येझाचं जंगल ज्या हाय्नुव्का पोव्यातमध्ये, म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपल्या तालुक्यासारख्या भागात, येतं तो इथून तासाभराच्या आत लागतो, आणि सुट्टी मिळाली की मी तिकडेच पळते. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याकडच्या ओळखीतल्या मंडळींचा गट मे महिन्यात येतोय, त्यांना ते जंगल दाखव, असा निरोप आला तेव्हा मी अट घातली. जंगल दाखवीन, पण सगळा पोव्यात दाखवीन. मुक्काम तिथेच करायचा, आणि झुब्र सगळ्यात शेवटी.

हाय्नुव्काचा पोव्यात बेलारूसच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे १,६०० चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम ४० हजार, आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या हाय्नुव्का शहरात. उरलेल्या माणसांना आठ ग्मिनांमध्ये, म्हणजे पंचायतींमध्ये, वाटून टाकलं की किती विरळ वस्ती उरते याचा अंदाज येईल. तरुण पोरं ब्यावीस्तोकला, वॉर्सॉला, नाहीतर परदेशात जातात. कित्येक घरांत एकटी आजी असते, आणि विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं.

पाहुण्यांना काय दाखवायचं हे मी आधी तिथल्या लोकांनाच विचारायचं ठरवलं. मार्च-एप्रिलमध्ये कधी बसने, कधी सायकलने गावागावांतून हिंडले. हाय्नुव्कातल्या बेकरीत विचारलं, नारेव्काच्या बसथांब्यावर विचारलं, सोत्से गावात अंगण झाडणाऱ्या एका आजींना विचारलं. तुमच्याकडे लांबून पाहुणे आले तर तुम्ही त्यांना पहिल्यांदा कुठे न्याल? बेकरीतली बाई म्हणाली, आधी मार्चिनेक खाऊ घाला. नारेव्काच्या गृहस्थांनी तलावाकडे बोट केलं आणि म्हणाले, त्याच्या खाली काय आहे ते सांगा. सोत्सेच्या आजींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि मला गावाच्या टोकाला नेऊन लाकडी क्रूस दाखवले. साथीचे रोग गावात शिरू नयेत म्हणून पूर्वजांनी ते वेशीवर रोवले होते. झुब्राचं नाव या तिघांपैकी कोणीही काढलं नाही. माझ्या कार्यक्रमाचा आराखडा याच उत्तरांमधून तयार झाला.

बाकीची तयारी कंटाळवाणी असली तरी सांगायला हवी, कारण मराठी कुटुंबं इकडे येतात ती नेमकी इथे अडतात. सार्वजनिक वाहतूक फार तुरळक आहे. हाय्नुव्कापर्यंत पोचता येतं, पण खेड्यांतून फिरायचं तर गाडी हवीच. आम्ही चालकासह छोटी बस घेतली. राहण्यासाठी हॉटेल न बघता नारेव ग्मिनात एका शेतकरी कुटुंबाचं पाहुणघर घेतलं. पोलंडमध्ये अशी कृषी-पर्यटनाची घरं भरपूर आहेत आणि जेवण घरचं मिळतं.

गटात निम्मे शाकाहारी. इथली खासियत म्हणजे किसलेल्या बटाट्याची भाजलेली बाब्का, पण तिच्यात डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, आणि "मांस नको" म्हटलं की त्या तुकड्यांना कोणी मांस म्हणून धरत नाही. म्हणून घरमालकीणबाईंसमोर बसून एकेक पदार्थ नीट बोलून घेतला. त्यांनी कांदा आणि मशरूम घालून वेगळी बाब्का केली, बकव्हीटचा भात केला, बीटचं सार केलं, आंबट सायीबरोबर घावनासारखे बटाट्याचे प्लात्स्की केले. कोणाला लोणच्याची आठवण झाली तर बरणीतली मुरवलेली काकडी होतीच.

गोचीड हा गंभीर विषय आहे. या भागात गोचिडींमधून लाइम रोग आणि मेंदूज्वर असे दोन्ही पसरतात, आणि मेंदूज्वराच्या बाबतीत पोलंडमध्ये हा प्रांत सगळ्यात पुढे आहे. गवतात पाऊल टाकायचं तर पूर्ण लांबीची पँट, मोजे पँटवर ओढलेले, आणि रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्याची मागची बाजू, काख, केसांची मुळं तपासायची. मेंदूज्वरावर लस आहे, पण तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, त्यामुळे निघायच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि सीमा. २०२१ च्या सप्टेंबरपासून २०२२ च्या जूनअखेरपर्यंत सीमेलगतच्या गावांत बाहेरच्या माणसाला जायलाच बंदी होती. बेलारूसमधून जंगलाच्या वाटेने पोलंडमध्ये येऊ पाहणारी माणसं तेव्हा इथे अडकली आणि काहींनी या झाडांमध्ये जीव गमावला. २०२२ मध्ये साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहिली. २०२४ च्या जूनपासून सीमेच्या काही भागात पुन्हा प्रवेशबंदीचा पट्टा आखला गेला. ब्यावोव्येझा गाव पर्यटकांसाठी खुलं आहे, तरी जाण्याआधी ताजा नकाशा बघावा आणि पासपोर्ट कायम जवळ ठेवावा. रस्त्यात सैनिक गाडी थांबवून आत डोकावतात. हे मी गटाला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी दचकलं नाही. एक गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागते. सीमेजवळ मोबाइल बेलारूसचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. पहाटेचा वाटाड्या ठरवला असेल तर मनगटी घड्याळावरच भरवसा ठेवावा.

पाहुणे आले. कोल्हापूरचे एक काका, वनखात्यातून निवृत्त झालेले. पाटणच्या मावशी. पुण्याची कॉलेजात शिकणारी त्यांची भाची, आणि आणखी काही जण. सुरुवात सोत्से, त्शेश्च्यान्का आणि पुख्वी या तीन गावांपासून केली. नारेव नदीच्या काठच्या या गावांना मिळून "उघड्या झडपांचा मुलूख" म्हणतात. लाकडी घरं, आखूड बाजू रस्त्याकडे, आणि खिडक्यांच्या झडपांवर, चौकटींच्या माथ्यावर, कोपऱ्यांच्या फळ्यांवर करवतीने कातलेली नक्षी. हिरवी, निळी, पिवळी, पांढरी. त्शेश्च्यान्काचं लाकडी ऑर्थोडॉक्स चर्चसुद्धा गडद हिरव्या रंगाचं. मावशी खिडक्यांसमोर उभ्या राहून नक्षीवरून नुसती नजर फिरवत होत्या. भाचीने विचारलं, एवढी कलाकुसर इथल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवली?

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. १९१५ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य पुढे सरकलं आणि रशियन सैन्य मागे हटलं. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. मागे जाताना सैन्याने पिकं आणि घरं जाळली, आणि ऑर्थोडॉक्स वस्तीला पूर्वेकडे निघून जायला लावलं. जर्मन आल्यावर काय काय करतील याच्या कहाण्या पसरवल्या गेल्या. गाड्यांवर संसार लादून गावंच्या गावं निघाली. वाटेत कॉलरा आणि टायफस. रस्त्याच्या कडेला पुरलेली मुलं. वाचले ते व्होल्गाच्या काठी, सायबेरियात, मध्य आशियात जिथे नेऊन सोडलं तिथे राहिले. मग क्रांती झाली, यादवी झाली, दुष्काळ पडला, आणि त्यातून जे उरले ते १९२०-२२ च्या सुमारास परत आले. शेतांत झुडपं माजली होती. कित्येकांनी जमिनीत खड्डे खणून त्यात हिवाळे काढले. नंतर घरं बांधली तेव्हा रशियातल्या गावांमध्ये पाहिलेली नक्षी त्यांच्या हातांत होती. इथले जाणते लोक झडपांचा इतिहास असा सांगतात.

हे सगळं मी सोत्सेच्या रस्त्यावर, त्या क्रूसांजवळ उभी राहून सांगितलं. मुद्दाम तिथेच. बसमध्ये माइकवर सांगितलं असतं तर ती ऐकीव माहिती झाली असती.

इथली बहुसंख्य माणसं ऑर्थोडॉक्स पंथाची आहेत. घरात बेलारूसी आणि युक्रेनीच्या मधली, स्वतःची अशी बोली बोलतात, आणि विचारलं तर "आम्ही इथलेच" एवढंच सांगतात. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. कॅथलिक पोलंडमधला हा वेगळा कोपरा आहे, आणि त्या वेगळेपणाची किंमत त्यांनी मोजलेली आहे. १९४६ च्या जानेवारीअखेरीस भूमिगत पोलिश तुकडीने क्लेश्चेलेजवळचं झालेशानी हे गाव पेटवलं आणि बायका-मुलांसह माणसं मारली. त्याच दिवसांत आसपासच्या आणखी काही ऑर्थोडॉक्स गावांवर असेच हल्ले झाले. आम्ही झालेशानीला गाडी थांबवली. पर्यटकांना आनंदाच्याच गोष्टी सांगाव्यात असं मानणारे वाटाडे असतात, मला ते पटत नाही. आजही दर वर्षी या घटनेवरून पोलंडमध्ये वाद पेटतो. ज्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही त्याला इथल्या माणसांचं अबोलपण कळणार नाही.

हाय्नुव्का शहर आम्ही अर्ध्या दिवसात उरकलं, आणि तेवढा वेळ पुरतो. शहर तसं नवं आहे, १९५१ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जंगल तोडण्यासाठी इथे लाकडाच्या वखारी आणि अरुंद रुळांची रेल्वे टाकली, तेव्हापासून वस्ती वाढली. त्या रेल्वेची एक शाखा हाय्नुव्काहून ११ किलोमीटरवरच्या तोपिवोपर्यंत उन्हाळ्यात पर्यटकांसाठी धावते. मुलं सोबत असतील तर ती चुकवू नये. ओंडके भिजवण्यासाठी केलेली तळी तोपिवोला अजून आहेत. शहरात बघायचं ते पवित्र त्रयीचं ऑर्थोडॉक्स चर्च. अलेक्सांदेर ग्रिगोरोविच या वास्तुरचनाकाराने १९७० च्या दशकात, साम्यवादी राजवटीत, काँक्रीटमध्ये लाटांसारखं वळणारं छत उभं करण्याचं धाडस केलं आणि काम १९९२ पर्यंत चाललं. आत बाकं नाहीत, वाद्यं नाहीत, सगळं गाणं माणसांच्या गळ्यातून. मावशींनी सवयीने ओढणी डोक्यावर घेतली आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी हसून मान डोलावली. बाहेर आल्यावर मार्चिनेक खाल्ला. पातळ पोळीसारखे वीस-बावीस थर आणि मध्ये फेटलेली आंबट साय. काकांनी दोन तुकडे घेतले.

नारेव्काला पोचायच्या आधी मी शेम्यानुव्काचा जलाशय ठेवला होता. नारेव नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव केला. काम १९७७ मध्ये सुरू झालं, १९९० च्या सुमारास पाणी भरलं. पसारा सुमारे ३२ चौरस किलोमीटर, खोली अगदी कमी. मध्यातून रेल्वेचा भराव जातो. पाणपक्षी मोजता येणार नाहीत इतके, आणि नशीब असेल तर पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड दिसतो. पक्षीनिरीक्षकांना इथे सकाळ अपुरी पडते. मी मात्र त्या नारेव्काच्या गृहस्थांचं ऐकून पाण्याखालच्या गावांविषयी बोलले. काही वस्त्या पुऱ्या उठल्या. वुका गावाचा थोडा भाग काठावर राहिला.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "त्या लोकांना जमिनी कुठे दिल्या?" त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. भावकी सोलापूर, सांगली आणि रायगडात विखुरलेली, अजून लग्नकार्याला एकमेकांना शोधत फिरते. वुकाच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. मी मध्ये दुभाषी झाले. त्यांनी सांगितलं की बहुतेकांनी पैसे घेतले आणि हाय्नुव्का-ब्यावीस्तोकच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मावशींनी विचारलं, तुमचं घर कुठे होतं? त्यांनी गळाच्या काठीने पाण्यात एक जागा दाखवली. मावशींनी पिशवीतून घरच्या चिवड्याची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी सांगितल्या त्या गावांची नावं मावशींनी माझ्याकडून लिहून घेतली. कुठल्याही वाटाड्याला हा प्रसंग ठरवून घडवता आला नसता. पण झुब्र बघून संध्याकाळी परतायचं असतं तर त्याला जागाही उरली नसती.

नारेव्का हे पूर्वी ज्यू लोकांच्या मोठ्या वस्तीचं गाव. शिंडलर या जर्मन कारखानदाराने दुसऱ्या महायुद्धात वाचवलेल्या ज्यूंमधल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक, लिऑन लेसन, इथलाच. १९४१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी इथल्या ज्यूंची कत्तल केली. गावाबाहेर झाडांमध्ये त्यांचं कब्रस्तान उरलं आहे. आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो.

तिथून जंगलाच्या रस्त्याला लागलो तेव्हा काकांनी वळिवडेचा विषय काढला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. काकांच्या आईने त्या मुलांना बाजारात पाहिलेलं होतं, आणि महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ काकांच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरचा. ती माणसं नेमकी इथूनच गेली होती का, असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर सांभाळून द्यावं लागतं. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेचा भाग सोव्हिएतांकडे गेला, त्यात हा पोव्यातही. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री हद्दपारीची पहिली मोठी लाट आली, आणि तिच्यात पूर्व पोलंडमधल्या वनरक्षकांची कुटुंबं ठरवून उचलली गेली. कडाक्याच्या थंडीत मालगाडीचे डबे आणि थेट रशियाच्या उत्तरेला नाहीतर सायबेरियात. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली, १९४२ मध्ये काही जण पोलिश सैन्याबरोबर इराणला पोचले आणि तिथून वळिवडेला. त्यांच्यापैकी बहुतेकांची गावं आज बेलारूस, युक्रेन आणि लिथुआनियात आहेत. पोलंडच्या पूर्वेचा जो पट्टा युद्धानंतर पोलंडकडेच राहिला त्यातला एक तुकडा म्हणजे हा पोव्यात. काका वनखात्यातले. रस्त्याच्या कडेला एक वनरक्षकाचं लाकडी घर होतं. ते गाडीतून उतरले आणि फाटकाशी उभे राहून घराकडे बघत राहिले.

आता जंगल. ब्यावोव्येझाच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा कडक संरक्षणाखाली आहे आणि तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. वाटाड्या आधी ठरवावा, आणि सूर्योदयाची वेळ मागावी. आमचा वाटाड्या पोलिशमध्ये बोलणार आणि मी मराठीत सांगणार असं ठरलं होतं. लाकडी फाटकातून आत शिरल्यावर मी त्याला विनंती केली की थांब्यावरच बोलू या, चालताना नको. आणि थांब्यावरही मी त्याची वाक्यं एकत्र करून थोडक्यात सांगितली. जंगलात दोन भाषा एकामागून एक सतत ऐकू आल्या तर सुतारपक्षी ऐकूच येणार नाही.

या जंगलाबद्दल "कुऱ्हाड न लागलेलं" असं सरसकट म्हणतात. ते फक्त गाभ्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. राजेलोकांनी शिकारीसाठी शतकानुशतकं ते राखलं, राखणीसाठी कडेला माणसं वसवली, आणि १९२१ मध्ये गाभा राखीव झाला. १९३२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. उद्यान आज सुमारे साडेदहा हजार हेक्टर आहे, जंगलाचा पसारा त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातला मोठा भाग सीमेपलीकडे बेलारूसमध्ये. आत गेल्यावर काकांनी पहिल्यांदा वर न बघता खाली बघितलं. जमिनीवर आडवे झालेले ओक, लिंडन, स्प्रूस. कोणी उचलत नाही, कोणी कापत नाही. एका पडलेल्या स्प्रूसच्या अंगावर शेवाळ आणि त्यात रांगेने उगवलेली बोटभर रोपं. वाटाड्याने दाखवलं की मेलेल्या लाकडावर किती बुरशी, भुंगेरे आणि पक्षी जगतात. तीन बोटांचा सुतारपक्षी मेलेल्या स्प्रूसशिवाय टिकत नाही. यागेवोचा ओक म्हणून ओळखला जाणारा वृक्ष १९७४ मध्ये कोसळला, तोही जागच्या जागी पडून आहे. यागेवो राजाने ग्रुनवाल्डच्या १४१० च्या लढाईआधी या जंगलात शिकार करून सैन्यासाठी मांस खारवलं, असं सांगतात.

काकांनी नोकरीभर पडलेली झाडं मोजून लिलावात काढली होती. त्यांनी वाटाड्याला खोलात जाऊन प्रश्न विचारले, विशेषतः स्प्रूसला लागणाऱ्या सालकिड्याबद्दल. २०१६-१७ मध्ये तेच कारण देऊन उद्यानाबाहेरच्या जंगलात मोठी तोड झाली, आंदोलनं झाली, आणि १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने पोलंडने कायदा मोडला असा निकाल दिला. या पोव्यातमध्ये त्या निकालावर एकमत नाही. लाकडावर जगलेल्या घरांना तो अन्याय वाटतो, आणि त्यांचं म्हणणं मी पाहुण्यांना पूर्ण सांगितलं. माझं मत विचारलं तर जंगलाला हात लावू नये असंच आहे, तेही सांगितलं. सिमोना कोसाक या जीवशास्त्रज्ञ बाई इथल्या जेजिन्का नावाच्या वनघरात विजेविना तीसहून अधिक वर्षं राहिल्या. घरात रानडुकरीण वाढवली, आणि जंगलासाठी अधिकाऱ्यांशी आयुष्यभर भांडल्या. भाचीने त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

आणि शेवटी झुब्र. ब्यावोव्येझाच्या राजवाड्याच्या बागेत १७५२ सालचा दगडी स्तंभ आहे. पोलंडचा राजा तिसरा ऑगस्ट याने एका दिवसात ४२ झुब्र मारले, त्याची ती फुशारकी. रशियाच्या झारने १८९४ मध्ये पुरा केलेला राजवाडा १९४४ मध्ये जळाला. स्तंभ राहिला. पहिल्या महायुद्धाआधी या जंगलात झुब्र सातशेच्या आसपास होते. १९१५ मध्ये माणसं हाकलली गेली, आणि पुढच्या चार वर्षांत उपाशी सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी झुब्रही संपवले. इथला शेवटचा १९१९ मध्ये मारला गेला. मग युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांतून उरलेले गोळा केले. आज जगात जेवढे झुब्र आहेत ते अवघ्या १२ जनावरांचे वंशज. १९२९ मध्ये ब्यावोव्येझात पैदास सुरू झाली, १९५२ मध्ये पहिले झुब्र मोकळे सोडले. आता जंगलाच्या पोलिश भागात पुन्हा सातशेहून जास्त आहेत.

म्हणून आधी गावं. सोत्सेच्या क्रूसांजवळ १९१५ ऐकलेल्या माणसाला या स्तंभापाशी काही समजावून सांगावं लागत नाही. ज्या युद्धाने झडपांची घरं ओस पाडली त्यानेच जंगलही ओस पाडलं. भाची माझ्या आधी बोलली, "म्हणजे लोक परत आले आणि सात-आठ वर्षांत झुब्रही परत आणले."

प्रदर्शनाच्या कुंपणातले झुब्र दुपारी बघितले. फलकावरची त्यांची नावं "पो"ने सुरू होतात, पोलंडमध्ये जन्मलेल्या बहुतेकांची तीच रीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तेरेमिस्कीच्या कुरणाकडे गेलो. कडेला पाच-सहा मोकळे झुब्र चरत होते. आम्ही रस्त्यावरच थांबलो. ५० मीटरच्या आत जायचं नाही हा नियम आहे, आणि शेपटी उचलून डोकं हलवायला लागला तर मागे सरायचं. काकांनी दाजीपूरचे गवे आयुष्यभर पाहिलेले, त्यामुळे अंतर किती राखायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. झुब्राचे खांदे उंच आणि मागचा भाग हलका, आपला गवा भरदार आणि काळा, हा फरक त्यांनीच सगळ्यांना दाखवला.

गट गेल्यावर आणखी दोन कुटुंबांनी विचारणा केली आहे, जानेवारीसाठी. त्यांच्यासाठी मी क्रम थोडा बदलते आहे. ६ जानेवारीच्या संध्याकाळी, ऑर्थोडॉक्स नाताळच्या आदल्या रात्री, घरमालकीणबाई उपासाचं बिनमांसाचं जेवण मांडतात आणि पाहुण्यांना बसवायला तयार आहेत. हिवाळ्यात झुब्र गवताच्या चाऱ्यासाठी कळपाने एकत्र येतात, तेव्हा ते दिसण्याची शक्यता मेपेक्षा जास्त. गोचिडींचा त्रास जवळजवळ नसतो. पण उणे १५ पर्यंत उतरणारी थंडी आणि दुपारी साडेतीन वाजता पडणारा अंधार लक्षात घेऊन दिवस आखावे लागतील. आणि सोत्सेच्या आजींना आधी फोन करून विचारायचं आहे की बर्फात गावाच्या टोकापर्यंतची वाट मोकळी असते का.